मलम आणि मुदत

वैद्यकीच्या राज्यातील खात्यांच्या हद्दी महसुली गावांच्या शिवांइतक्या काटेकोरपणे आखलेल्या असतात. त्वचेवर ज्याचा अंमल चालतो त्याने आतल्या नलिकांच्या कारभारात हात घालू नये, आणि नलिकांची दुरुस्ती करणाऱ्याने त्वचेवरच्या डागांची चौकशी करीत बसू नये, हा तेथील जुना शिरस्ता आहे, आणि एरवी तो गैरवाजवीही नाही. परंतु काही व्याधी या शिवा मुळीच जुमानीत नाहीत. जननेंद्रियाच्या त्वचेवर फिकट पांढऱ्या डागाच्या रूपाने प्रकट होऊन पुढे मूत्रमार्गाच्या मुखातून आत शिरणारा, आणि कित्येक वर्षांच्या अवधीत तो मार्ग तसूतसूने आवळीत नेणारा लायकेन स्क्लेरोसस हा विकार त्यांपैकी एक होय. एका सरकारी रुग्णालयाच्या त्वचाविभागात माझी नोकरी झाली. तेथे या विकाराने गांजलेले पुरुष वर्षानुवर्षे माझ्यापुढे येत राहिले, आणि एका साध्या मलमाने त्यांच्यापैकी कोणाचे काय साधले व कोणाचे काय साधले नाही, हे जवळून पाहण्याचा योग मला आला. ज्या दुखण्याविषयी घरात बोलता येत नाही, दारात बोलता येत नाही आणि वैद्यासमोरही अर्धेच बोलले जाते, त्याविषयी कोणी तरी साध्या भाषेत लिहून ठेवावे, एवढाच या लेखनाचा हेतू आहे.

या विकाराचे पहिले वर्णन फ्रान्समधील आलोपो या त्वचारोगतज्ज्ञाने १८८७ साली केले, आणि पाच वर्षांनी दारिए याने सूक्ष्मदर्शकाखाली त्याची आतली रचना दाखविली: वरचा पेशींचा थर झिजून पातळ झालेला, त्याच्याखाली तंतू वितळून एकजीव झाल्यासारखा काचेरी पट्टा, आणि त्याच्याही खाली लिंफपेशींची दाटी. पुढे १९२८ साली स्ट्यूमर या जर्मन वैद्याने शिश्नाग्रावरील अशाच विकाराचे वर्णन निराळ्या नावाने केले, आणि त्यानंतर कित्येक दशके त्वचारोगाच्या ग्रंथांत एक व मूत्ररोगाच्या ग्रंथांत दुसरे अशा दोन नावांनी एकच व्याधी दोन खात्यांत स्वतंत्रपणे नांदत राहिली. शरीराची संरक्षक यंत्रणा आपल्याच त्वचेवर उलटल्यामुळे तो होतो असे मानण्याकडे आजचा कल आहे. त्वचेच्या घडीत अडकून राहणाऱ्या मूत्राचा सतत स्पर्शही त्याला कारण होत असावा, कारण ज्यांची सुंता जन्मल्यावर लगेच झालेली असते अशा पुरुषांत तो क्वचितच आढळतो. तो सांसर्गिक नाही आणि कोणत्याही दुर्वर्तनाचे फळ नाही. पुरुषांपेक्षा स्त्रियांत तो अधिक असतो. हे शेवटचे विधान मी सांगितले की समोरच्या रुग्णाचा चेहरा बदलत असे. आपल्या दुखण्यात आपण एकटे नाही आणि कलंकितही नाही, ही जाणीव त्याला औषधाआधी लाभे.

कारण आमच्या विभागाच्या दारावरच्या पाटीत त्वचेच्या जोडीला गुप्तरोगांचा उल्लेख होता, आणि त्या पाटीखालून आत येणे हे प्रौढ, संसारी, गावात मान असलेल्या माणसाला किती जड जाते याची कल्पना बाहेरच्याला येणे कठीण आहे. असे रुग्ण बहुधा गर्दी ओसरल्यावर येत. केसपेपरवर 'खाज' एवढाच शब्द लिहवून घेत. आणि खोलीत विद्यार्थी असतील तर 'साहेब, जरा एकट्यात बोलायचं होतं' असे हलक्या आवाजात म्हणत. एकान्त मिळाल्यावर जी कैफियत बाहेर पडे ती ठरलेल्या क्रमाची असे. आधी अग्रत्वचा घट्ट होऊन मागे सरेनाशी झाली. मग तिला चिरा पडू लागल्या. मग लघवीची धार बारीक झाली, फाटून दोन बाजूंना जाऊ लागली. मग जोर लावावा लागू लागला, आणि लघवी होऊनही झाल्यासारखे वाटेनासे झाले. मधल्या काळात एस.टी. स्थानकाच्या भिंतीवरील जाहिराती वाचून शक्तिवर्धक औषधांचे महागडे 'कोर्स' घेणे झालेले असे. ज्यांचे वय साठीच्या पुढे, त्यांच्या बारीक धारेचा दोष प्रॉस्टेटच्या खात्यावर मांडून सगळे स्वस्थ बसलेले असत. आणि ज्यांना मधुमेह, त्यांच्या चिरांचा हिशोब साखरेच्या नावे टाकलेला असे. दोन्ही तर्क पुष्कळदा खरे ठरतात, म्हणूनच तिसऱ्या शक्यतेकडे कोणाचे लक्ष जात नाही.

महसूल खात्यातून निवृत्त झालेले एक अव्वल कारकून मला या संदर्भात नेहमी आठवतात. त्यांना आमच्याच रुग्णालयातील एका तरुण शल्यचिकित्सकाने 'त्वचेचे मत हवे' असा शेरा मारून माझ्याकडे पाठविले होते. आपल्या दुखण्याचे सारे कागद त्यांनी तारीखवार लावून, दप्तरासारखे बांधून आणलेले होते; त्यांवरून असे दिसत होते की चाळिशीत त्यांची सुंता करावी लागली, पुढे मूत्रमार्गाचे मुख आखडल्यामुळे ते चिरून मोठे करण्यात आले, त्यानंतर आतला मार्ग अरुंद झाला म्हणून दुर्बिणीतून छेद देण्यात आला, आणि मग काही महिन्यांनी एकदा सळई घालून मार्ग रुंद करून घेणे हा त्यांच्या आयुष्याचा परिपाठच होऊन बसला. सळई फिरविल्यावर काही आठवडे धार मोठी होई, पुन्हा ती बारीक होऊ लागे, आणि पुढच्या तारखेची वाट पाहणे सुरू होई. प्रत्येक वेळच्या कागदावर नळीची मोजमापे होती; ज्या त्वचेतून रोग आत शिरला तिच्याविषयी मात्र एक अक्षर नव्हते. त्या वैद्यांपैकी कोणी हयगय केली होती असे नाही, कारण शस्त्रक्रियेच्या टेबलावर हिरव्या कापडाच्या खिडकीतून जेवढे दिसते तेवढ्याचीच नोंद होते. मूत्रमुखाभोवतीचे ते चिनी मातीसारखे पांढरे, कडक वलय पाहताच निदान मनात ठरले. लहानसा तुकडा काढून तपासल्यावर ते कागदावरही उतरले.

धारेचा वेग मोजण्याचे एक यंत्र असते. निरोगी प्रौढाच्या नोंदीत सेकंदाला पंधरा मिलिलिटरच्या वर जाऊन पुन्हा खाली येणारी टेकडी दिसते. या गृहस्थांच्या नोंदीत जमिनीलगत लांबच लांब पसरलेले पठार होते. शल्यचिकित्सकाशी बसून आम्ही अशी तजवीज केली की त्यांनी एकदाच, हलक्या हाताने, मार्ग पुरेसा रुंद करून द्यावा आणि त्यानंतर दररोज रात्री रुग्णाने स्वतः क्लोबेटासॉल या स्टिरॉइडचे मलम केवळ बाहेरच्या त्वचेला लावून न थांबता बारीक, निर्जंतुक कॅथेटरच्या टोकाला माखून मूत्रमार्गाच्या अरुंद भागापर्यंत पोचवावे. कॅथेटर कसा धरावा, किती आत न्यावा, अडला तर जोर न करता कसा थांबावा, हे परिचारकाने त्यांना पुन्हापुन्हा करून दाखविले, आणि त्यांच्या हाताला ते बसले अशी खात्री झाल्यावाचून त्यांना घरी जाऊ दिले नाही. पहिला महिना रोज, दुसरा दिवसाआड, तिसरा आठवड्यातून दोनदा, आणि नंतर रोगाचा रंग पाहून, असा तो क्रम होता. त्यांनी एक वही घातली आणि तलाठ्याने पीकपाहणी लिहावी तशा निष्ठेने रोजची नोंद केली. काही महिन्यांत पांढरे वलय मऊ झाले, पठाराला चढ आला, आणि सळईच्या तारखा एकेक करून रद्द होत गेल्या. एकदा वही पुढे ठेवीत ते म्हणाले, "डॉक्टरसाहेब, सळईला तारीख असते, ती कोणी चुकवत नाही. मलमाला तारीख नसते, म्हणून माणूस ते विसरतो." पुढच्या सगळ्या वर्षांत या उपचाराविषयी मी जे शिकलो त्याचे सार त्या कारकुनांच्या या दोन वाक्यांत होते.

त्वचेवर लावण्याच्या स्टिरॉइड औषधांचा इतिहास फार जुना नाही. १९५२ साली सुल्झबर्गर व विटेन या अमेरिकन वैद्यांनी हायड्रोकॉर्टिसोन त्वचेवर लावून इसबासारखे विकार शमतात हे दाखविले. त्यानंतर वीस-पंचवीस वर्षांत कितीतरी पट प्रबळ अशी संयुगे तयार झाली, आणि क्लोबेटासॉल हे त्यांच्या अग्रपंक्तीतले. आमच्या शिक्षणकाळी या विकारावर टेस्टोस्टेरॉनचे मलम देण्याची वहिवाट होती, विशेषतः स्त्रियांना; १९९० नंतरच्या तुलनात्मक चाचण्यांत क्लोबेटासॉल निर्विवाद सरस ठरले आणि जुनी वहिवाट मोडली. ०.०५ टक्के इतक्या अल्प प्रमाणातले हे द्रव्य पेशींच्या केंद्रात पोचून दाह पेटविणारे संदेश थांबविते आणि तंतू विणणाऱ्या पेशींचा वेग कमी करते. परंतु जे तंतू आधीच घट्ट विणले गेले आहेत, जो व्रण जुना होऊन दगडासारखा झाला आहे, तो विरघळविण्याचे सामर्थ्य त्यात नाही. मलम मिटलेला मार्ग उघडीत नाही. उघडलेला मार्ग पुन्हा मिटू देत नाही. हा भेद रुग्णाला पहिल्याच दिवशी सांगितला नाही, तर तो पंधरा दिवसांत निराश होऊन ट्यूब फेकून देतो. आणि वैद्याला समजला नाही, तर तो नुसती सळई देतो किंवा नुसते मलम देतो, आणि दोन्ही अपुरे पडते.

सळई नुसतीच का अपुरी पडते, याला दोन कारणे आहेत. पहिले असे की या रोगाला जखमेचा मोह आहे. जेथे त्वचा दुखावते तेथे तो नव्याने उद्भवतो, आणि दाह शमविल्यावाचून वारंवार फिरविलेली सळई त्याला नवी जागा करून देते. दुसरे असे की मुख अरुंद असताना जोर करून केलेली लघवी मागच्या बाजूस तटते, मार्गाच्या भिंतीतील सूक्ष्म ग्रंथींत दाबाने शिरते, आणि रोगाची वाटचाल मुखाकडून मुळाकडे सुरू होते. मूत्रमार्गाच्या आत स्टिरॉइड देण्याचा हा मार्ग एका रुग्णालयाचा लहरी प्रयोग नव्हे. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाच्या शल्यचिकित्सकांनी २०१६ साली आपले असे अनुभव प्रसिद्ध केले आणि शस्त्रक्रियेची वेळ पुष्कळांच्या बाबतीत टळल्याचे नमूद केले. मात्र अशा नोंदी मोजक्या रुग्णांच्या आहेत, आणि या उपचाराची शिफारस करताना मी ते रुग्णाला सांगत आलो.

आपल्याकडे सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात निरुद्धप्रकश या विकाराचा उपचार सांगितला आहे. अग्रत्वचा आवळून मूत्राची वाट अडते ती ही अवस्था. लोखंडाची, लाकडाची किंवा लाखेची, दोन्ही टोकांना उघडी असलेली नळी तुपाने माखून आत घालावी, स्निग्ध द्रव्यांचे सिंचन करावे, आणि दर तीन दिवसांनी आधीपेक्षा जाड नळी घालून मार्ग क्रमाक्रमाने वाढवावा, अशी ती योजना आहे. प्राचीनांना सर्व काही ठाऊक होते असे यावरून सिद्ध करण्याचा मोह मला कधी झाला नाही. तुपाने तंतूंची वीण थांबत नाही, आणि सुश्रुताच्या डोळ्यांपुढे हाच रोग होता असेही म्हणता येत नाही. तथापि रुंद करणे आणि स्निग्ध करणे या दोन क्रिया एकाच नळीवर एकत्र आणाव्यात, आणि घाई न करता ठरावीक अंतराने कराव्यात, ही बुद्धी त्या काळच्या शल्यवैद्याला होती, हे आमच्या विद्यार्थ्यांना मी आवर्जून सांगत असे. कारण ते दोघांपैकी एकच क्रिया शिकून बाहेर पडत.

स्टिरॉइड या शब्दाचे भय हा या उपचारातील दुसरा अडसर. माध्यमिक शाळेतले एक शिक्षक मलमाच्या खोक्यातील चिठ्ठी भिंगाखाली वाचून, लाल रेघा मारून, दुसऱ्या आठवड्यात फिर्याद घेऊन हजर झाले. सलग दोन आठवड्यांपेक्षा अधिक वापरू नये, असे तीत स्पष्ट छापलेले होते, आणि मी तर तीन महिने लिहून दिले होते. त्यांचा संशय रास्त होता. मी त्यांना समजावून सांगितले की ती मर्यादा आठवड्याला पन्नास ग्रॅमपर्यंत मलम चोपडणाऱ्यांसाठी आहे. त्यांना लागणारी मात्रा बोटाच्या पेरावर मावणाऱ्या रेषेइतकी, म्हणजे अर्ध्या ग्रॅमच्या आसपास, आणि तीस ग्रॅमची एक ट्यूब तिन्ही महिने पुरली पाहिजे. ती लवकर संपली तर मात्रा जास्त होत आहे, आणि उरली तर हयगय होत आहे, इतका तो हिशोब सरळ आहे. या भागातील रोगट त्वचा देखरेखीखाली दिलेले औषध चांगले सोसते. मात्र देखरेख या शब्दावर भर हवा. बुरशी, नागीण किंवा मूत्रातील जंतुसंसर्ग यांपैकी काही असेल तर आधी त्याचा बंदोबस्त करावा लागतो, साखर तपासावी लागते, आणि त्वचा अवाजवी पातळ होऊ लागली तर मात्रा उतरवावी लागते. शिक्षकांनी सगळे ऐकून घेतले, चिठ्ठीच्या मागे लिहून घेतले, आणि पुढे ते माझे सर्वांत नियमित रुग्ण झाले.

याच्या उलट प्रकार एका मालमोटारचालकाचा. त्याला स्टिरॉइडचे भय मुळीच नव्हते, कारण आपण ते वापरीत आहो हेच त्याला ठाऊक नव्हते. निरनिराळ्या गावांच्या औषधदुकानांतून गजकर्णावरचे म्हणून मिळणारे मलम तो वर्षभर लावीत होता. त्यात क्लोबेटासॉलबरोबर बुरशीनाशक व जंतुनाशक द्रव्ये एकत्र कालविलेली होती. लावले की खाज थांबे, थांबली की तो सोडून देई, आणि पुन्हा उठली की पुढच्या मुक्कामी नवी ट्यूब घेई. माझ्याकडे तो आला तेव्हा जांघेत पसरलेली बुरशी, पातळ होऊन रेघा उमटलेली कातडी, आणि या साऱ्याखाली आपल्या गतीने पुढे सरकत असलेला मूळ विकार, असे तिहेरी संकट होते. योग्य औषध चुकीच्या जागी, चुकीच्या सोबतीने आणि मुदतीवाचून वापरल्यास काय होते, याचे याहून स्पष्ट उदाहरण मी पाहिले नाही. त्वचारोगतज्ज्ञांच्या तगाद्यानंतर २०१८ साली केंद्र सरकारने अशी अनेक स्टिरॉइड मलमे चिठ्ठीवाचून विकू नयेत अशा औषधांच्या यादीत घातली. कायदा झाला, दुकानाच्या फळीवरून हात सुटायला मात्र अजून अवकाश आहे.

एकदा एक बाई नवऱ्याला बाहेर बसवून एकट्याच आत आल्या. पदर सावरीत, नजर टेबलाकडे ठेवून त्यांनी विचारले, "डॉक्टरसाहेब, यांना हे बाहेरून आलंय का? एवढं खरं सांगा, मग मी काही विचारणार नाही." त्यांना रोगाचे स्वरूप सांगताना, तो स्त्रियांतच अधिक असतो, कित्येकदा एकाच घराण्यात दोघांना असतो, उतारवयातल्या बायका पांढऱ्या पडलेल्या, खाजणाऱ्या जागेचे दुखणे कोणाला न सांगता तशाच सोसतात, हेही ओघात आले. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "आमच्या सासूबाईंना हेच आहे की हो. रात्रीची झोप नाही त्यांना. कितीतरी वर्षं झाली." पुढच्या खेपेस त्या सासूबाईंना घेऊन आल्या. तपासणीत तोच विकार निघाला, आणि त्याच मलमाने म्हातारीला झोप लागू लागली. त्यानंतर असा पुरुष आला की घरातील आई-बहिणींची चौकशी करण्याचा नेम आम्ही घालून घेतला, आणि त्या एका प्रश्नामुळे आमच्या विभागात कधीही न आल्या असत्या अशा कित्येक स्त्रिया उपचाराला आल्या.

मलमाची सत्ता जेथे संपते तेथे शस्त्राची सुरू होते, आणि ती संपते हे मान्य करण्यात संकोच नसावा. सबंध मूत्रमार्ग मुखापासून मुळापर्यंत आवळला गेला, लघवी तुंबली, पोटावरून नळी घालावी लागली, अशा अवस्थेत मलमाचे गुण गात बसणे हा रुग्णद्रोह ठरेल. पूर्वी असा मार्ग त्याच भागातील त्वचेने नव्याने बांधीत. परंतु रोग त्वचेचाच असल्यामुळे तो नव्या भिंतीतही उगवे. गालाच्या आतले अस्तर काढून मार्ग बांधण्याची कल्पना ब्रिटनमध्ये हम्बी याने १९४१ साली अमलात आणली होती. १९९६ साली इटलीच्या बार्बाग्ली यांनी आणि २००१ साली आग्र्याच्या डॉ. आसोपा यांनी कलम बसविण्याच्या नव्या रीती प्रसिद्ध केल्या. आणि मूत्रमार्ग एकाच बाजूने मोकळा करून, दुसऱ्या बाजूचा रक्तपुरवठा राखून, लांबच लांब संकोच दुरुस्त करण्याची पुण्याच्या डॉ. संजय कुलकर्णी यांची रीत २००९ पासून जगभर ओळखली जाते. या विद्येत आपला देश मागे नाही, ही गोष्ट अभिमानाची आहे. तिच्या आड येते ती आपलीच एक सवय. ऐन तिशीतला एक तरुण गुटख्याने तोंडाचे अस्तर पांढरे व कडक करून आला. त्याचे तोंड दोन बोटे उघडत नव्हते, मग गालातून कलम घ्यायचे कोठून? महाराष्ट्रात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली, तरी अशी तोंडे आमच्याकडे येतच राहिली. त्या तरुणाला अखेर वृषणांच्या मागे मूत्राला नवे द्वार करून द्यावे लागले. बसून लघवी करावी लागणार या कल्पनेने तो पुष्कळ दिवस नकार देत राहिला. शस्त्रक्रियेनंतर मात्र त्याने सांगितले की किती तरी वर्षांत पहिल्यांदाच न थांबता, न कण्हता लघवी झाली, आणि बाकीच्या गोष्टींची आता सवय होईल.

आणखी एक गोष्ट अप्रिय असली तरी सांगितलीच पाहिजे. वर्षानुवर्षे जागता राहिलेला हा दाह थोड्या रुग्णांत कर्करोगाचे रूप घेतो. आमच्याकडून बरे वाटताच निघून गेलेले एक वृद्ध शेतकरी कित्येक वर्षांनी न भरणारी जखम घेऊन परत आले, ती तपासणीत कर्करोगाची निघाली आणि मोठी शस्त्रक्रिया करावी लागली. त्या घटनेनंतर माझ्या विभागात अशा रुग्णाच्या केसपेपरवर 'बरा झाला' असे लिहिण्याची पद्धत मी बंद केली. त्याजागी 'शांत आहे, वर्षातून एकदा रुजू व्हावे' असा शेरा आम्ही लिहू लागलो. हा शेरा रुग्णाला वाचून दाखविण्यात येई आणि त्याच्यासोबत आलेल्या नातेवाइकालाही.

इतक्या वर्षांच्या कामातून माझे मत बनले आहे ते असे की या व्याधीत मलम हे दुय्यम साधन मानण्याची प्रथा चुकीची आहे. शस्त्रक्रिया एका दिवसाची असते, तिला वैद्याचे कौशल्य लागते, आणि तिचा बोलबाला होतो. मलम वर्षांचे असते, त्याला रुग्णाची चिकाटी लागते, आणि त्याचे यश असे की काहीच घडत नाही. जेथे रोग अजून मुखापाशी आहे आणि व्रण ताजा आहे, तेथे ते लवकर सुरू झाले तर सळईच्या फेऱ्या टळतात. जेथे शस्त्रक्रिया झाली आहे, तेथे बाहेरच्या त्वचेवरचा दाह आटोक्यात ठेवून केलेल्या कामाचे रक्षण होते. आणि जेथे फार उशीर झाला आहे, तेथे त्याची मर्यादा मान्य करावी.

म्हणून वाचकांना माझी विनंती आहे. लघवीची धार बारीक झाली, फाटू लागली, अग्रत्वचा मागे सरेनाशी झाली किंवा तिच्यावर पांढरा, कडक डाग दिसला, तर ते वयाचे किंवा साखरेचे म्हणून सोडून देऊ नका, आणि दुकानदाराच्या सल्ल्याने मलम लावू नका. मूत्ररोगतज्ज्ञाला दाखवा आणि त्वचारोगतज्ज्ञालाही दाखवा. लहान मुलाची अग्रत्वचा पूर्वी सरत असून आता घट्ट, पांढुरकी झाली असेल, तर आईवडिलांनी लाजेखातर दिवस घालवू नयेत. खेड्यापाड्यांतील माझ्या व्यवसायबंधूंना एवढेच सांगणे की सळईसाठी रुग्ण पाठविण्यापूर्वी दिव्याच्या उजेडात त्वचा एकदा नीट पाहा. आणि ज्याला हे मलम रीतसर लिहून दिलेले आहे त्याने, बरे वाटू लागले म्हणून, ते आपल्या मनाने बंद करू नये.